जास्वंदीची पानं का मुरडतात? बारडोलीतल्या कुंडीची तपासणी

जास्वंदीचे शेंडे आक्रसले, कोवळी पानं गुंडाळायला लागली की बहुतेक घरांत पहिला हात जातो तो औषधाच्या बाटलीकडे. नर्सरीत जाऊन ‘पानं मुरडलीत’ एवढं सांगायचं, समोरचा ‘कोकडवा आलाय’, म्हणजे पानं आकसण्याचा रोग आलाय, म्हणतो, एक बाटली देतो, आणि संध्याकाळी फवारणी होते. पण पान मुरडणं हा रोग नव्हे, ती खूण आहे. ही खूण तहानलेलं झाड दाखवतं, पाण्यात बुडालेलं झाड दाखवतं, फुलकिड्यांनी शोषलेलं झाड दाखवतं, आणि बारडोलीसारख्या उसाच्या गावात दोन शेतं पलीकडून वाऱ्यावर आलेल्या तणनाशकाने होरपळलेलं झाडसुद्धा दाखवतं. या चारही दुखण्यांवर एकच बाटली चालणं शक्य नाही. म्हणून फवारणीच्या आधी पाच मिनिटं झाडापाशी थांबा. त्या पाच मिनिटांत काय बघायचं, ते इथे सांगतो.

लेख जास्वंदीभोवती लिहिला आहे, कारण सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशातून इकडे आलेल्या मराठी घरांत गॅलरी असो, ओटला असो की गच्ची, गणपतीच्या फुलासाठी ही एक कुंडी ठेवलेली असतेच. मोगरा, गुलाब, अँथुरियम यांच्याबद्दलही शेवटी थोडं आहे.

आधी कुठलं पान, मग कुठल्या बाजूला

पहिला प्रश्न: मुरडलेली पानं शेंड्याची आहेत की खालची? नुकती फुटलेली, कोवळी पानंच वेडीवाकडी असतील आणि खालची जुनी पानं ठीक असतील, तर संशय किडीवर, विषाणूवर किंवा तणनाशकावर घ्यायचा. रस शोषणाऱ्या किडींना कोवळा भाग आवडतो, आणि तणनाशकही वाढत्या शेंड्यातच जाऊन बसतं. उलट खालच्या जुन्या पानांच्या कडा करपून वळत असतील तर पाणी, क्षार किंवा पालाशची कमतरता बघायची. आणि झाडावरची सगळी पानं एकाच वेळी लुळी पडली असतील तर कुंडीतल्या मातीत बोट घाला, दुखणं मुळाशी आहे.

दुसरा प्रश्न वळण्याच्या दिशेचा. आपल्याकडचे मिरचीवाले शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. चुरडा-मुरडा पडलेल्या मिरचीत पानाच्या कडा वर वळून होडी झाली तर फुलकिडे, आणि कडा खाली वळून होडी पालथी पडली तर पिवळा कोळी. जास्वंदीत हा नियम मिरचीइतका काटेकोर चालत नाही, पण शोधाची सुरुवात इथून करायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी केली जाते: पान उलटून मागची बाजू बघणं. जमलं तर भिंगातून, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून तो मोठा करून.

दुपारी मिटतं, सकाळी उघडतं

एप्रिल-मेमध्ये बारडोलीचा पारा चाळिशी गाठतो, आणि पश्चिमेकडच्या गॅलरीत दुपारी तीननंतर लादी आणि भिंत दोन्ही तापलेल्या असतात. अशा वेळी मुळं जितकं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानातून उडतं. झाड पानं वळवून उन्हाला कमी पृष्ठभाग देतं. हा आजार नव्हे, बचाव आहे. त्याची कसोटी सोपी: दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पान पुन्हा सपाट झालेलं असेल तर काळजीचं कारण नाही. कुंडी भिंतीपासून हातभर लांब सरकवा, दुपारच्या उन्हापुरती हिरवी जाळी बांधा, मातीवर नारळाच्या शेंड्यांचा किंवा वाळल्या पाचोळ्याचा थर पसरा.

सकाळीही पान वळलेलंच असेल तर बोट मातीत दोन इंच खुपसा. तिथपर्यंत कोरडं असेल तर तहान. ओलं असूनही झाड मान टाकत असेल, मातीला आंबूस वास येत असेल, खालची पानं पिवळी पडत असतील, तर पाणी जास्त झालं आहे आणि मुळं गुदमरली आहेत. दोन्ही वेळा झाड वरून सारखंच सुकलेलं दिसतं. त्यामुळेच पाण्याने मरणाऱ्या झाडाला माणसं आणखी पाणी घालतात.

पावसाळ्यात हे इथे फार होतं. जून ते सप्टेंबर पाऊस धो धो कोसळतो, कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचतं आणि भोकं मुळांनी किंवा मातीने बुजलेली असतात. ताटली काढून टाका, कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, तळाचं भोक काडीने मोकळं करा. मुळं तपासायची वेळ आलीच तर कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा. पांढरी, टणक मुळं जिवंत. तपकिरी, बोटात सोललं जाणारं मूळ मेलेलं. मेलेली छाटायची, आणि तितक्याच प्रमाणात वरच्या फांद्याही कमी करायच्या, कारण उरलेल्या मुळांना पूर्वीचा डोलारा पोसता येणार नाही.

काळी माती, बोरचं पाणी

बारडोलीची माती ऊस आणि कापसाला उत्तम, पण कुंडीला नाही. ही चिकण काळी माती वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते, आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. वरून माती भिजल्यासारखी दिसते, मधला गड्डा कोरडाच राहतो. पाणी घातल्याबरोबर ते खालून वाहायला लागत असेल तर हेच घडतंय असं समजा. उपाय असा की कुंडी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवायची आणि पुढच्या वेळी मातीचं मिश्रण बदलायचं. काळी माती एक भाग, नदीची रेती एक भाग, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, थोडं कोकोपीट. आसपास साखर कारखाने असल्यामुळे इथे प्रेसमडचं, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचं, खतही सहज मिळतं. ते चांगलं आहे, पण पूर्ण कुजलेलं आणि थंड झालेलं हवं. ताजं प्रेसमड कुंडीत कुजताना तापतं आणि मुळं भाजतात.

बोरचं पाणी हा दुसरा भाग. कुंडीच्या बाहेर किंवा मातीवर पांढरी पापडी धरली असेल तर पाण्यातले क्षार साठत आहेत. जास्वंदीला किंचित आम्लधर्मी माती लागते. चुनखडीचं कठीण पाणी महिनोन्‌महिने पडत राहिलं की मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, पान लहान राहतं आणि कडा वळतात. यावर फवारणीच्या कीटकनाशकाचा काडीचाही उपयोग नाही. चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात द्यावं, महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट मापाचं पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत, आणि पावसाचं पाणी मिळेल तेवढं साठवून तेच घालावं. काकरापारच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या अंगणापर्यंत येतं त्यांनी बोरऐवजी ते वापरून पाहावं.

चूल, बंब किंवा भट्टीतली राख खत म्हणून टाकायची सवय बऱ्याच घरांत आहे. इथल्या मातीत आधीच भरपूर चुना असतो, राखेने तो त्रास वाढतो. जास्वंदीच्या कुंडीत राख घालू नका. युरियाची मूठही नको. नत्र जास्त झालं की पान गर्द हिरवं होऊन टोक खाली नखासारखं वळतं, आणि अशी रसरशीत कोवळी पानं मावा-फुलकिड्यांना आमंत्रण देतात.

पानाच्या मागे कोण बसलंय

जास्वंद, भेंडी आणि कापूस ही एकाच कुळातली झाडं. बारडोली आणि व्याऱ्याच्या पट्ट्यात भेंडी भरपूर पिकते, कापसाचं तर सुरतशी नातं जुनं आहे. व्यापारी लागवडीचं जगातलं पहिलं संकरित कापूस वाण, ‘संकर-४’, डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रातूनच दिलं. पण या नात्याची दुसरी बाजू अशी की कापूस आणि भेंडीवरची बहुतेक शोषक कीड तुमच्या गॅलरीतल्या जास्वंदीला घरचंच झाड समजते. शेतातून उडून आलेला किडा तिसऱ्या मजल्यापर्यंत सहज पोचतो.

मावा ओळखायला सर्वांत सोपा. कळ्या आणि शेंड्यांवर हिरव्या-काळ्या बारीक दाण्यांची दाटी, पानांवर चिकट थर, त्यावर काळी बुरशी, आणि देठावरून मुंग्यांची रांग. डिसेंबर ते फेब्रुवारी, विशेषतः ढगाळ हवेत तो वाढतो. पानं सुरकुततात, पण इलाजही सोपा: नळाला पाइप लावून पाण्याचा जोरकस फवारा पानाच्या मागच्या बाजूने मारायचा, लागोपाठ तीन-चार दिवस. पुष्कळदा एवढ्यावरच काम होतं.

फुलकिडे डोळ्यांना सहज दिसत नाहीत. शेंडा एका पांढऱ्या कागदावर धरून टिचकी मारा. कागदावर पिवळट-तपकिरी, मिलिमीटरभर लांबीचे धागे चालू लागले तर ते फुलकिडे. पानाची मागची बाजू खरचटल्यासारखी, चंदेरी दिसते, कळ्या उमलण्याआधीच गळतात. कोरड्या, उष्ण दिवसांत यांचा जोर असतो. लाल कोळीही त्याच हवेत वाढतो. त्याची खूण म्हणजे पानावर पिवळे बारीक ठिपके आणि जास्त झाला तर शेंड्यावर बारीक जाळं. कोळी हा किडा नव्हे, तो कोळ्यांच्या वर्गातला जीव. म्हणून किड्यांवरची बरीच औषधं त्याला लागत नाहीत, उलट त्याला खाणारे भक्षक मात्र मरतात आणि कोळी वाढतो. औषध मारल्यावर दुखणं वाढलं अशी तक्रार ऐकू आली की पहिला संशय कोळ्यावर घ्यावा.

तुडतुडा पानाच्या मागे तिरका चालणारा हिरवट किडा. त्याने शोषलं की पानाच्या कडा आधी पिवळ्या, मग विटकरी होतात आणि आकसून मुरडतात. आपल्या उपखंडातला हाच कापसाचा तुडतुडा २०२३ मध्ये प्वेर्तो रिकोत आणि २०२४ मध्ये फ्लोरिडात सापडला, आणि तिथल्या रोपवाटिकांना जास्वंदीची काळजी लागली. बारडोलीच्या भेंडीवाल्याला तो केव्हापासून ठाऊक आहे.

आता पिठ्या ढेकूण. शेंड्यावर कापसासारखी पांढरी पूड, पानं एकमेकांत गुंतून गेंद झालेला, पेरं आखूड. गुलाबी पिठ्या ढेकणाच्या लाळेत असलेल्या द्रव्यामुळे पानाची वाढच वेडीवाकडी होते, म्हणून कीड मेल्यावरही मुरडलेलं पान सरळ होत नाही. या किड्याची ताकद किती आहे हे कॅरिबियन बेटांनी पाहिलं. १९९४ मध्ये तो ग्रेनेडात आढळला आणि बेटाबेटांवर जास्वंदीची कुंपणं उजाड झाली. तिथे तो आटोक्यात आला तो विषाने नव्हे, त्याच्यात अंडी घालणारी बारीक परजीवी माशी आणि क्रिप्टोलेमस नावाचा ढालकिडा सोडल्यावर. २००५ नंतरच्या वर्षांत गुजरात-महाराष्ट्रातल्या कापसावर दुसऱ्या जातीच्या पिठ्या ढेकणाने धुमाकूळ घातला, तेव्हाही एनॅसियस नावाच्या अशाच एका परजीवीने मोठा हातभार लावला.

म्हणून झाडावर ढालकिडे किंवा त्यांच्या पांढऱ्या, लवदार अळ्या दिसल्या तर त्यांना कीड समजून मारू नका. क्रिप्टोलेमसची अळी तर हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते, फक्त आकाराने मोठी आणि चपळ असते. ती भराभर चालत असेल तर तिला तिचं काम करू द्या. मुंग्यांची वाट मात्र बंद करा: कुंडीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवा, भिंतीला टेकलेली फांदी कापा. मुंग्या चिकट रसासाठी पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि परजीवी माशीला हुसकावून लावतात.

जे बरं होत नाही

पांढरी माशी स्वतः पान फारसं मुरडत नाही, पण ती विषाणू आणते. भेंडीवरचा केवडा तिच्यामुळेच पसरतो. कापसाचा पर्णगुच्छ विषाणू राजस्थानात श्रीगंगानगर भागात १९९३ साली दिसला, आणि जास्वंदीवरही या गटातले विषाणू नोंदले गेले आहेत. खूण ठळक असते: शिरा जाड आणि फुगीर होतात, पान वर किंवा खाली घट्ट गुंडाळलं जातं, आणि मागच्या बाजूला शिरेवर लहान पानासारखी वाढ फुटते. शिरा जाडावलेल्या नसतील तर विषाणूचं नाव घाईने घेऊ नये. शिरा जाडावल्या असतील, आणि छाटल्यानंतर आलेली पानंही तशीच असतील, तर झाड काढून टाकावं. त्याच्या फांदीचं कलम कुणाला देऊ नये. हे ऐकायला जड जातं, पण गॅलरीतल्या बाकीच्या कुंड्या त्यानेच वाचतात. पिवळे चिकट सापळे लटकवले की पांढरी माशी कमी होते, फुलकिड्यांसाठी निळे चांगले.

उसाच्या शेतावरून आलेलं

बागकामाच्या पुस्तकांत सहसा न सापडणारं आणि बारडोलीत मात्र नेहमी आठवावं असं कारण हे आहे. गाव चारी बाजूंनी उसाने वेढलेलं आहे. ऊस हे गवताच्या कुळातलं पीक, त्यामुळे रुंद पानांचं तण मारण्यासाठी त्यात २,४-डी हे तणनाशक वापरतात. उसाला ते सोसतं. कापूस, जास्वंद, टोमॅटो, मिरची, पपई, द्राक्षवेल यांना अजिबात नाही. कापसाचं पान तर फवारणीच्या मात्रेच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षा कमी औषधानेही बिघडतं. सकाळी वारा सुटलेला असताना फवारणी झाली, किंवा इस्टर प्रकारचं औषध उन्हात वाफ होऊन उडालं, तर ते शेताच्या बांधावर थांबत नाही. इथे उसाची लावण ऑक्टोबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते, आणि तण मारायचं काम लावणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत असतं. थंडीच्या अखेरीला अचानक मुरडलेली जास्वंद दिसली तर हा विचार आधी करावा.

लक्षणं अशी: कोवळं पान अरुंद, पट्टीसारखं होतं. शिरा एकमेकींना समांतर धावू लागतात, कडा वाटीसारख्या वळतात, देठ आणि शेंडा पिळल्यासारखा वाकतो. मागच्या बाजूला कीड सापडत नाही. निर्णायक पुरावा शेजारी असतो. एकाच आठवड्यात जास्वंद, टोमॅटो, मिरची आणि दुधीचा वेल सगळेच मुरडले, आणि त्यांच्याच ओळीतला गवती चहा मात्र जसाच्या तसा राहिला, तर ते तणनाशकच. कीड अशी निवड करत नाही. विषाणूही एकाच दिवशी तीन कुळांना धरत नाही.

कधी कधी ते वाऱ्यावर न येता हातानेही येतं. शेजारच्या शेतकऱ्याकडून फवारणीचा पंप मागून आणला, त्यात नीम तेल भरलं आणि मारलं. पंपाच्या नळीत, वॉशरमध्ये आदल्या फवारणीचं २,४-डी शिल्लक असतं आणि नुसत्या पाण्याने विसळून ते जात नाही. शेतातला पंप कुंड्यांसाठी कधीही वापरू नका. घरातल्या झाडांना स्वतंत्र हातफवारा ठेवा. तसंच शेतातून ताजं उपटलेलं, फवारलेलं तण आच्छादन म्हणून कुंडीत पसरू नका.

यावर उतारा देणारं औषध नाही. लगेच कळलं तर पानं भरपूर पाण्याने धुवा. नंतर पाणी बेताचं, खत बंद, आणि पिळलेले शेंडे निरोगी पेरापर्यंत कापून काढायचे. मात्रा थोडी असेल तर पुढच्या दीड-दोन महिन्यांत येणारी पानं हळूहळू पूर्ववत होतात. विषाणू आणि तणनाशक यांच्यातला फरक इथेही कळतो: विषाणूचं झाड सुधारत नाही, तणनाशकाचं सुधारतं. शेजारच्या शेतमालकाशी भांडण्यापेक्षा वारा पडलेला असताना, थंड वेळी, मोठ्या थेंबाच्या नोझलने फवारा अशी विनंती करणं बरं. त्यात त्याचंही औषध वाया जात नाही.

फवारायचंच असेल तर

कीड डोळ्यांनी दिसली, पाण्याच्या झोताने गेली नाही, तरच फवारा. एक लिटर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि एक-दोन मिली सौम्य साबणाचं पाणी, नीट ढवळून, सूर्य मावळताना, पानाच्या मागच्या बाजूने. पाच ते सात दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. एकदाच मारून सोडलं तर अंड्यांतून निघालेली पिढी तशीच राहते. नव्या झाडावर आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. घरी निंबोळ्या वाळवलेल्या असतील तर पन्नास ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून केलेला अर्क तेलाइतकाच उपयोगी आहे. पिठ्या ढेकणाचे थोडेच पुंजके असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढणं सर्वांत चांगलं.

कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला दोन ग्रॅम. पण कडक उन्हाळ्यात नाही, आणि नीम तेल मारल्यावर दोन-तीन आठवड्यांत नाही. दोन्ही वेळा पानं भाजतात.

जहाल, झाडाच्या रसात भिनणारी कीटकनाशकं घरातल्या जास्वंदीवर नकोत, असं माझं ठाम मत आहे. गणपतीच्या दिवसांत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच पिठ्या ढेकूण वाढतो आणि त्याच दिवसांत फूल रोज हाताळलं जातं, देवापुढे ठेवलं जातं, लहान मुलं पाकळ्यांशी खेळतात. मधासाठी येणारा शिंजीर आणि मधमाश्या तर थेट फुलातच चोच आणि सोंड घालतात.

मुरडलेल्या पानाचं काय करायचं

किडीने किंवा तणनाशकाने एकदा वाकडं झालेलं पान सरळ होत नाही. त्यामुळे इलाज लागू पडला की नाही हे जुन्या पानावरून ठरवू नका, त्यानंतर फुटलेल्या पानाकडे बघा. गुंतलेले शेंडे दोन-तीन पेरं खाली कापून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, कुंडीपाशी टाकू नका. जास्वंदीला फूल नव्या फुटव्यावरच येतं, म्हणून छाटणीचं नुकसान वाटलं तरी पुढच्या बहराला ती पथ्यावरच पडते. मोठी छाटणी फेब्रुवारीत करावी, मेच्या उन्हात नाही.

मोगऱ्याची पानं मुरडली तर बहुधा कोळी किंवा क्षार. गुलाबाचे शेंडे काळवंडून वळले तर फुलकिडे. घरात ठेवलेल्या पीस लिली आणि अँथुरियमची पानं आत गुंडाळली गेली तर आधी एसीचा झोत कुठे पडतोय ते पाहा, मग पाणी. सदाफुली मात्र दुपारी मान टाकते आणि रात्री उठते, तिला सोडून द्या.

एवढं करूनही निदान होत नसेल तर सुरतच्या अठवा फार्मवर नवसारी कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे नमुना दाखवता येतो. एक चांगली फांदी आणि एक मुरडलेली, दोन्ही वेगवेगळ्या कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, तोंड बांधून, सकाळी तोडून त्याच दिवशी न्या. नेण्याच्या आधीच्या आठवड्यात काहीही फवारू नका, नाहीतर पानाच्या मागची कीड धुऊन गेलेली असते. कुंडीची मूठभर माती, वापरता त्या पाण्याची एक बाटली, आणि आसपासच्या उसात शेवटची फवारणी साधारण कधी झाली हे विचारून घेतलेलं असेल तर तिथल्या माणसांचं अर्धं काम झालेलं असतं.